चाल लावायचे किती घेता?



काही महिन्यांपूर्वी एका शाळेच्या विश्वस्तांचा फोन आला. शाळेला पन्नास वर्षं पूर्ण होताहेत, सुवर्णमहोत्सवासाठी शाळेचं गीत करायचंय. शब्द शाळेतल्याच मराठीच्या बाईंनी लिहिलेत. सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "तसं छोटंसंच गाणं आहे हो, दोनच कडवी. चाल लावायचे किती घेता?"

हा प्रश्न मी पंचवीसेक वर्षं ऐकतोय. तरी अजूनही तो आला की क्षणभर घशाशी आवंढा येतो. कारण प्रश्न सरळ आहे आणि समोरच्याला उत्तरही सरळ हवंय, एक आकडा. तो आकडा मी लगेच सांगितला तर तो हमखास चुकतो. शिंप्याकडे गेलात तर तो आधी गळ्यातली टेप काढतो, मग बोलतो. आमच्याकडे मात्र गिऱ्हाईकाला वाटतं की चाल ही हवेतून येते, तिला कसलं माप? आणि खरं सांगायचं तर, सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं.

2003 सालची गोष्ट सांगतो. खाद्यपदार्थ बनवणाऱ्या एका कारखानदाराची जिंगल होती, तीस सेकंदांची. कारखान्याचं नाव सांगत नाही, सांगण्यात अर्थही नाही. मालक भला माणूस होता. त्याने विचारलं, मी म्हटलं पंधरा हजार. "सगळं धरून ना?" म्हणाला. मी मोठ्या रुबाबात म्हटलं, "सगळं धरून." हे दोन शब्द मला फार महाग पडले.

माझी जुनी वही अजून आहे, त्यात हिशेब आहे. स्टुडिओ तासाला 400 रुपये, बारा तासांचे 4,800. गायिकेला 2,000. ढोलकी, क्लॅरिनेट, गिटार आणि व्हायोलिन असे चौघे वादक, प्रत्येकी 1,200, म्हणजे पुन्हा 4,800. एकूण 11,600. मला उरणार 3,400. त्या काळात एका जिंगलमागे एवढे सुटले म्हणून मी खुशीत होतो. रेकॉर्डिंग झालं, मालकांनी ऐकलं, मान डोलावली. चार दिवसांनी फोन. "सगळ्यांना आवडलंय. फक्त आमचे मेहुणे म्हणतात, जरा उडतं पाहिजे."

उडतं म्हणजे काय, हे मेहुण्यांना सांगता येईना. लय वाढवली. लय वाढवल्यावर क्लॅरिनेटचे तुकडे बसेनात, ढोलकीचा ठेका बदलावा लागला. दोघांना परत बोलावलं, सहा तास स्टुडिओ घेतला. स्टुडिओचे 2,400, दोघांचे मिळून 2,400. म्हणजे 3,400 उरणार होते त्यातून 4,800 गेले. जिंगल करण्यासाठी मी खिशातले 1,400 रुपये भरले होते.

तेही चाललं असतं, शिकण्याची फी म्हणून सोडून दिलं असतं. पण पैसे आगाऊ घेतलेले नव्हते आणि चेक आला तीन महिन्यांनी. स्टुडिओवाला आणि गायिका यांचं मी कसंबसं भागवलं. दुसऱ्या दिवसाच्या वाजवण्याचे पैसे मात्र त्या दोघांना दिले नाहीत. "पार्टीकडून आले की देतो," म्हणालो. ढोलकीवाला ओळखीचा होता, तो हसला. क्लॅरिनेटवाले बँडमधून आलेले, चाळिशी ओलांडलेले गृहस्थ. ते सायकलवरून आले होते. वाद्याची पेटी कॅरिअरला बांधली आणि काही न बोलता गेले.

पुढच्या कामासाठी मी त्यांना फोन केला. तारीख सांगितली, वेळ सांगितली. ते सगळं नीट ऐकून घेऊन म्हणाले, "येतो की. फक्त एक सांगा, पैसे तुम्ही देणार की पार्टी?"

आवाजात राग नव्हता. ग्राहक मेहुण्यांचं ऐकतो, चेक उशिरा काढतो, मला भाव सांगता येत नाही, यातली एकही गोष्ट त्या माणसाने केलेली नव्हती. त्याने सांगितलं तसं वाजवलं होतं, दोनदा. आणि माझ्या 'सगळं धरून'मध्ये मी त्यालाही धरून टाकलं होतं.

तेव्हापासून माझ्या कोटेशनमध्ये एक आकडा नसतो, तीन ओळी असतात. पहिली घडणावळ, दुसरी मंडळींचे पैसे, तिसरी वापर.

घडणावळ हा शब्द मी सोनाराकडून उचललाय. सोन्याचा भाव वेगळा आणि दागिना घडवण्याची मजुरी वेगळी, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. माझी घडणावळ म्हणजे शब्द वाचणं, कवीबरोबर बसणं, चाल करणं, गायकाकडून बसवून घेणं, वादकांसाठी तुकडे लिहिणं, रेकॉर्डिंगला आणि नंतर मिक्सिंगला हजर राहणं. हे मी दिवसांत मोजतो. चाल सुचायला किती वेळ लागला, हे त्यात धरतच नाही. ती कधी स्वारगेट ते कात्रज बसमध्ये सुचते आणि कधी तीन आठवडे सुचत नाही. लवकर सुचली म्हणून स्वस्त आणि उशिरा सुचली म्हणून महाग, असं केलं तर मठ्ठपणाला बक्षीस दिल्यासारखं होईल.

या बाबतीत मी एक चूक पुनःपुन्हा केली. समोर पेटी असायची, ग्राहक शब्दांचा कागद द्यायचा, आणि मला राहवायचं नाही. तिथल्या तिथे वाजवून, गाऊन दाखवायचो. माणसं खूश व्हायची. मग पैशांचा विषय निघाला की म्हणायची, "अहो, पण आत्ता दहा मिनिटांत तर केलीत!" आता मी कागद घडी करून खिशात ठेवतो आणि म्हणतो, चार दिवसांनी ऐकवतो. चाल त्याच रात्री झालेली असते कधी कधी. ही थोडी लबाडी आहे, मान्य आहे. पण पूर्ण लबाडीही नाही. त्या चार दिवसांत पहिली चाल दोनदा तरी मोडीत निघते, आणि पहिली चाल बहुतेक वेळा कुठल्या तरी जुन्या गाण्याची मावसबहीण असते, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं.

घडणावळीतच बदलांची अट येते. दोन वेळा बदल करून देतो, तिसऱ्यांदा पैसे पडतील, असं लिहिलेलं असतं. शब्द बदलले तर तो बदल नव्हे, नवीन काम. मात्रावृत्तातल्या ओळीत दोन मात्रा वाढल्या की सम हलते, सम हलली की कडवंच हलतं. हे कवीला कळतं, समितीला कळत नाही. एका संस्थेने चाल पक्की झाल्यावर संस्थापकांचं संपूर्ण नाव गाण्यात घालायला सांगितलं होतं, 'कैलासवासी'सकट.

आणखी एक मागणी हल्ली फार येते. एखादं गाजलेलं गाणं पाठवतात आणि म्हणतात, "अगदी असंच हवं, पण वेगळं." हे वाक्य उच्चारताना कोणी हसत नाही. अलीकडे तर यंत्राला दोन ओळी लिहून दिल्या की अख्खं गाणं तयार करून देणारी सॉफ्टवेअर आली आहेत. ते गाणं घेऊन लोक येतात, "हे फुकटात झालंय, फक्त जरा ठीकठाक करून द्या." मी ऐकतो, कारण त्यातून त्यांना काय हवंय ते कळतं. लय किती, गाणारा बाई की पुरुष, आनंदी की भारदस्त. पण ठीकठाक करून देत नाही. नवीन करतो आणि नव्याचेच पैसे लावतो. उचललेल्या चालीवरून उद्या कोणी दावा केला तर संगीतकार म्हणून नाव माझं असतं, मेहुण्यांचं नसतं.

आता दुसरी ओळ, मंडळींचे पैसे. इथे मला थोडं रेंगाळायचंय.

चाल आणि तिची मांडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाल तुम्ही गुणगुणता ती. तिच्या आधी काय वाजेल, दोन ओळींच्या मधल्या जागेत बासरी येईल की सतार, गाणाऱ्याच्या मागे व्हायोलिनं कोणते स्वर धरतील, ठेका कुठे थांबेल, हे सगळं ठरवणारा तो अरेंजर, संगीत संयोजक. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत या कामाचा मोठा भार गोव्याच्या मंडळींनी उचलला. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य नोटेशन शिकवलं जाई. तिथून मुंबईत आलेल्या वादकांना कागदावरचं संगीत वाचता येत होतं, लिहिता येत होतं. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षं संयोजन केलं. अँथनी गोन्साल्विस हे तर प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये त्यांचं नाव गाण्यात आलं आणि देशभर झालं, पण ते नाव एका खऱ्या संगीतकाराचं आहे, हे ते गाणं म्हणणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. या मंडळींना मोबदला मिळे तो कामाचा. गाणं पुढे पन्नास वर्षं वाजलं तरी त्यांचा हिशेब त्या दिवशीच संपलेला असे.

म्हणून माझ्या कोटेशनमध्ये संयोजकाची स्वतंत्र ओळ असते. संयोजन मीच करणार असलो तरी असते. आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव जाईल, हेही लिहिलेलं असतं. नावाला पैसे पडत नाहीत, तरी ते गाळायची लोकांना भारी हौस.

वादकांचे दर मी ठरवत नाही, त्यांनाच विचारतो. मुंबईत शिफ्टचा हिशेब असतो आणि सिने म्युझिशियन्स असोसिएशनसारखी वादकांची संघटना आहे. पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात बरंचसं काम तोंडी चालतं. मी आधी फोन करतो, दर विचारतो, तो तसाच्या तसा कागदावर लिहितो. त्यावर माझा एक रुपयाही चढवत नाही आणि एक रुपयाही कमी करू देत नाही. ग्राहकाला बजेट कमी करायचं असेल तर वादक कमी करता येतील, वादकाचे पैसे कमी करता येणार नाहीत.

आणि वादक कमी करणं ही काही आपत्ती नव्हे, तो संयोजनाचाच भाग आहे. आज कॉम्प्युटरवर अख्खा वाद्यवृंद मिळतो. पण पन्नास व्हायोलिनं नुसती की-बोर्डवरून वाजवली तर ती फ्रिजमधून काढल्यासारखी वाटतात. त्यांच्यावर एकच खरं व्हायोलिन वाजवून घेतलं, की खऱ्याचा श्वास खोट्यांना लागतो आणि कान फसतो. कोरसचंही तसंच. चार गळे तीनदा वेगवेगळे ध्वनिमुद्रित केले तर बारा जणांचा भरणा होतो, फक्त दर वेळी त्यांना माइकपासून जागा बदलून उभं करायचं. मराठी गाण्यात एकाच वादकाचे पैसे असतील तर मी डोळे झाकून ढोलकीवाला बोलावतो. ढोलकीच्या धुमेवर हात दाबत नेला की जो घुमारा वरखाली होतो, तो साठवलेल्या तुकड्यांतून जोडून येत नाही. निदान मला तरी अजून जमलेलं नाही.

आता ओळखीच्यांचं काम. "घरचंच आहे" या शब्दांनी सुरू होणारी कामं. भाचीचं लग्न, मंगलाष्टकं मावशीने रचलेली, सगळी शार्दूलविक्रीडितात, नुसती म्हणायची नाहीत तर वाद्यांसकट ध्वनिमुद्रित हवी आहेत. अशा वेळी मी एकतर पूर्ण घडणावळ सांगतो नाहीतर अजिबात घेत नाही. निम्मे कधीच नाही. निम्मे घेतले की देणाऱ्याला वाटतं आपण पैसे दिले, घेणाऱ्याला वाटतं आपण उपकार केला, आणि दोघंही पंगतीत एकमेकांकडे पाहत नाहीत. पण माझी घडणावळ मी माफ केली तरी दुसरी ओळ तशीच राहते. मावशींना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या दुखावल्या. मी म्हटलं, भाची माझी आहे, ढोलकीवाल्याची नाही.

तिसरी ओळ वापराची. ही सांगितली की समोरचा माणूस खुर्चीत जरा मागे सरकतो. "वापर म्हणजे? आम्ही पैसे देऊन गाणं घेतलं ना?"

मघाच्या जिंगलकडे परत जाऊ. मेहुण्यांच्या पसंतीला उतरलेली ती जिंगल नऊ वर्षं वाजली. आधी रेडिओवर, मग केबलवर, मग गणपतीत मांडवाबाहेरच्या कर्ण्यावर. रस्त्याने जाताना ऐकू यायची आणि बरंही वाटायचं. त्यातून मला काही मिळालं नाही, आणि मागणार कशाच्या जोरावर? आमच्यात एक ओळसुद्धा लेखी नव्हती.

गंमत अशी, की लेखी नसणं खरं तर माझ्या बाजूचं होतं, पण हे मला कळलं फार उशिरा. आपला कॉपीराइटचा कायदा 1957 चा. त्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. किती वर्षांसाठी हे लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरायची. कुठे वापरायचं हे लिहिलं नसेल तर भारतापुरतं धरायचं. नोकरीत नसलेल्या संगीतकाराने चाल केली तर साधारणपणे तिचा पहिला मालक तोच. चित्रपटाचं मात्र वेगळं होतं. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, वेगळा करार नसेल तर चित्रपटासाठी मोबदला घेऊन केलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माता. त्यामुळे कित्येक संगीतकारांचं सगळं देणंघेणं एका रकमेत मिटायचं.

2012 साली कायदा बदलला. गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत या प्रश्नाची बाजू लावून धरली होती. आता चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणं वाजतं ते सोडून इतर वापराच्या रॉयल्टीतला आपला वाटा गीतकाराला आणि संगीतकाराला सोडून देताच येत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेला तो देता येतो, कंपनीला नाही. चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणांनाही हे लागू आहे. तशी सही घेतली तरी ती चालत नाही. ही रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था 1969 पासून आहे, मी तिचा सभासद झालो फार उशिरा. पहिल्यांदा जी रक्कम खात्यात आली तिच्यात दोघांचं जेवणही झालं नसतं. पण गाणं कुठे तरी वाजलं आणि त्याची नोंद झाली, याचं मला अप्रूप वाटलं.

याच कायद्यातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. 1994 पर्यंत संगीतकृती म्हणजे कागदावर लिहिलेली, छापलेली किंवा तशी चिन्हांत उतरवलेली, अशी व्याख्या होती. आपल्याकडे तर चाल तोंडातून तोंडात जाते. कितीतरी संगीतकारांनी आयुष्यात स्वरलेखन केलं नाही. 1994 च्या दुरुस्तीत कायद्याने मान्य केलं की चाल लिहिलेली असो वा नसो, ती करणारा तो संगीतकार.

तर वापराचा हिशेब मी असा करतो. कुठे वाजणार, किती काळ, आणि कोणाच्या कामासाठी. कोल्हापुरातल्या एका दुकानाची जिंगल आणि देशभर विकल्या जाणाऱ्या साबणाची जिंगल, दोन्हींची घडणावळ सारखी असू शकते, मेहनत तेवढीच आहे. वापराचे पैसे सारखे असू शकत नाहीत. दोन वर्षांचा वापर लिहितो, पुढे चालू ठेवायची असेल तर पुन्हा तेवढ्याच काळासाठी ठरलेली रक्कम. मोठ्या कंपन्यांचे छापील करार येतात, त्यात 'संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी, आज अस्तित्वात असलेल्या व पुढे शोध लागेल अशा सर्व माध्यमांत' असं असतं. मी विश्वाला हरकत घेत नाही, मंगळावर वाजवायची तर खुशाल वाजवा. 'कायमस्वरूपी' या शब्दाखाली मात्र पेन्सिलने रेघ मारून करार परत पाठवतो. निम्मे लोक तो शब्द काढतात. त्यांनी तो कोणी मागितलेला म्हणून घातलेला नसतो, आधीच्या करारातून उतरवून घेतलेला असतो.

नाटकाचं गणित अजून निराळं. मराठी रंगभूमीवर नटांना प्रयोगामागे नाइट मिळते, ती पद्धत संगीतकाराला लावायला हरकत नसावी असं माझं मत आहे. नवीन निर्माता असेल तर मी घडणावळ कमी सांगतो आणि प्रयोगामागे पाकीट ठेवतो. नाटक चाललं तर दोघांचं चाललं. माझं एक नाटक अकरा प्रयोगांत बंद पडलं, त्यात मी बुडालो. दुसऱ्या एकाची पाकिटं चार वर्षं येत होती, शेवटी शेवटी तर कोणत्या प्रयोगाचं कोणतं हेही आठवेना. एकरकमी घेतले असते तर पहिल्यात वाचलो असतो. पण निर्माता नाट्यगृहाचं भाडं भरतो, रविवारी पाऊस पडला की घरी जाऊन डोकं धरून बसतो, त्याच्या शेजारी बसायची माझीही तयारी हवी ना?

पैसे कधी घ्यायचे हे चटकन सांगतो. अर्धा विसार काम सुरू करताना, आणि त्यातून आधी मंडळींचे पैसे बाजूला काढून ठेवायचे. चाल मंजूर झाली की आणखी थोडे. उरलेले शेवटची फाइल हातात देण्याआधी. कंपनी असेल तर दहा टक्के टीडीएस कापून पैसे येतात, हे लक्षात ठेवून वादकांची रक्कम ठरवायची, नाहीतर ते दहा टक्के वर्षभर आपल्याच खिशातून फिरत राहतात. मंजुरीसाठी पाठवतो त्या नमुन्यात मी अधूनमधून माझ्याच आवाजात 'नमुना' असं म्हणून ठेवतो. एका मंडळाने तेवढ्यावरच काम भागवलं. दहा दिवस आरतीनंतर त्यांच्या कर्ण्यावरून माझा आवाज 'नमुना, नमुना' करत होता.

आता शाळेकडे येतो. विश्वस्तांना मी म्हटलं, आधी मला प्रश्न विचारू द्या. गाणं कोण म्हणणार? सगळी शाळा, रोज, प्रार्थनेनंतर. साथीला काय? पेटी, संगीताच्या सरांची. 'हो' म्हणणार कोण? या प्रश्नावर ते थांबले. समितीत अकरा जण होते. मी म्हटलं, एकच नाव द्या. त्यांनी मुख्याध्यापिकांचं दिलं. मग मी बजेट विचारलं. तीस हजार.

दोन कडव्यांचं गाणं छोटं खरं, पण असलं गाणं अवघड असतं. पाचवीच्या मुलींचा आवाज वर जातो, नववीतल्या मुलांचे आवाज फुटत असतात, आणि सकाळी सातला सगळ्यांचेच गळे झोपेत असतात. अख्खी चाल षड्जापासून धैवतापर्यंत, सहाच स्वरांत बसवावी लागली. मधले तुकडे नाहीत, कारण मैदानावर ते वाजवणार कोण? सरांच्या पेटीवर निघेल एवढीच गुंतागुंत. बाईंची एक ओळ दोन मात्रांनी लांब होती. त्यांनी स्वतःच ती कापली आणि आधीपेक्षा चांगली केली.

कोटेशन असं दिलं. घडणावळ 12,000. ढोलकी 3,000, क्लॅरिनेट 3,000. यंत्रं घेऊन शाळेत येणाऱ्या ध्वनिमुद्रकाचे 6,000, मिक्सिंगचे 4,000, येण्याजाण्याचे आणि चहापाण्याचे 2,000. वापर शाळेपुरता, कायमचा, त्याचे वेगळे पैसे नाहीत. इथे 'कायमचा' मीच लिहिला. विश्वस्तांनी सगळं वाचलं आणि फक्त एकाच ओळीवर बोट ठेवलं. "हे क्लॅरिनेट कशाला? शाळेच्या गाण्यात?" मी म्हटलं, मुलं वर चढताना डगमगतात, तिथे कोणीतरी सूर धरून ठेवणारं हवं. हे खरंच होतं. दुसरं कारणही होतं, ते त्यांना सांगितलं नाही.

एका रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये चाळीस मुलं उभी केली, पंखे बंद केले, खिडक्या लावल्या. क्लॅरिनेटवाले आले. आता सत्तरीकडे झुकलेत, सायकल सुटली, मुलगा स्कूटरवर सोडून गेला. त्यांनी पेटी उघडायच्या आधी मी पाकीट हातात ठेवलं. त्यांनी ते तिथेच उघडलं, नोटा मोजल्या, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवल्या. मग डबीतून पट्टी काढून ती भिजवायला ओठांत धरली आणि मुलांकडे बघत, तोंड बंद असल्यामुळे, हातानेच खूण केली, चला, सा द्या.